गव्हातलं रुंद पानांचं तण : औषध केव्हा, किती आणि कुठं नको

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ज्यांनी बागायती गहू पेरला, त्यांचा गहू आता महिन्याचा होत आला असेल. मुकुटमुळं फुटायच्या वेळचं पाणी होऊन गेलं, युरियाचा हप्ता पडला, आणि गव्हाबरोबर चाकवतानंही डोकं वर काढलं. बांधावर उभं राहून पाहिलं तर शेत हिरवंगार दिसतं. खाली वाकून पाहिलं की कळतं, त्या हिरव्यातलं बरंचसं आपलं नाही.

तण आहे हे तुम्हाला सांगायला माझी गरज नाही. अडचण वेगळीच आहे. गव्हाच्या दोन ओळींत अंतर सात-आठ इंचांचं, तिथं कोळपं चालत नाही. खुरपणीला बाया पाहाव्यात तर त्याच वेळी कपाशीची वेचणी, उसाची तोड, द्राक्षबागेतली कामं. माणूस मिळेपर्यंत गहू गुडघ्याला लागतो, आणि मग खुरपणी केली काय न केली काय. म्हणून गेल्या काही वर्षांत गावोगाव गव्हात तणनाशक मारायला सुरुवात झाली. त्याला माझा विरोध नाही. पण तणनाशक आणि कीडनाशक एकाच माळेचे मणी समजून जी फवारणी चालते, तिच्याविषयी आज मला बोलायचं आहे.

कीडनाशक चुकलं तर फार करून कीड मरत नाही आणि पैसे वाया जातात. तणनाशक चुकलं तर पीक जातं. तेही पुष्कळदा शेजाऱ्याचं.

गव्हातल्या तणाचे आधी दोन भाग करा. हराळी, शिपी यांसारखी लांब, अरुंद पानांची तणं हा एक भाग. लव्हाळाही दिसायला त्यांच्याच पंक्तीतला. दुसरा भाग रुंद पानांच्या तणांचा. त्यात चाकवत, घोळ, माठ, पाथरी, दुधी, हरणखुरी, रानमेथी आणि आता सगळीकडं पसरलेलं गाजर गवत. बी उगवताना पाहिलं तर पहिल्या भागातल्यांचं एकच सरळ पान वर येतं, दुसऱ्या भागातल्यांची दोन पानं जोडीनं उघडतात. एकदल आणि द्विदल म्हणतात ते हेच. गहू स्वतः एकदल आहे. ज्वारी, बाजरी, मका, भात, ऊस हेही एकदल. म्हणजे तुमच्या गव्हाचं आणि हराळीचं गोत्र एक, आणि चाकवताचं गोत्र वेगळं.

या फरकावरच निवडक तणनाशकाचं सगळं गणित उभं आहे. त्यातलं जुनं आणि गावात माहीत असलेलं औषध म्हणजे २,४-डी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड आणि अमेरिकेत याचा शोध लागला आणि युद्ध संपल्यावर ते शेतीत आलं. प्रत्येक झाडाच्या अंगात वाढीचा एक रस असतो. कोंब कुठं वळायचा, खोड किती वाढायचं, मूळ कुठं फुटायचं हे त्या रसाच्या कमी-जास्त प्रमाणावर ठरतं. २,४-डी ही त्या रसाची नक्कल आहे. रुंद पानाच्या तणावर ती पडली की झाड फसतं. आपल्या अंगात वाढीचा रस एकाएकी पुष्कळ झाला असं धरून ते वेडंवाकडं वाढायला लागतं. शेंडा मुरडतो, देठ पिळवटतात, खोड सुजून तडकतं, अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्या चिणून बंद होतात. मग आठ-पंधरा दिवसांत झाड मरतं. म्हणून आज फवारलं आणि उद्या तण हिरवंच दिसलं तर दुसऱ्यांदा फवारायला धावू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंडे मुरडलेले दिसले की औषध लागू पडलं समजा.

मग गहू का मरत नाही? गव्हाचं पान अरुंद आणि उभं, त्यावरून थेंब बराचसा ओघळून जातो. गव्हाचा वाढीचा कोंब पानांच्या पोंग्यात आत दडलेला असतो, त्याला औषध सहजी गाठत नाही. आणि जे थोडंफार आत शिरतं ते गव्हाला पचवता येतं. मात्र गव्हाची ही ताकद कायमची नाही. ती ठराविक वयातच असते, आणि पुढं जे वेळेबद्दल सांगणार आहे त्याचं कारण हेच.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. औषधाला गोत्र कळतं. पीक कोणतं आणि तण कोणतं हे त्याला कळत नाही. हरभरा, तूर, कपाशी, भुईमूग, करडई, मोहरी, टोमॅटो, वांगी, मिरची, द्राक्ष, पपई ही सगळी चाकवताच्याच बाजूची. त्यातही कपाशी, द्राक्ष आणि टोमॅटो इतकी नाजूक की औषधाचा नुसता वास लागला तरी पानं मुरडतात. वास हा शब्द मी सहज वापरला नाही, तो का वापरला ते सांगतो.

नोकरीत लागून मला दुसरं वर्ष होतं. नदीकाठच्या एका गावात गव्हाच्या तणनाशकाचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. चाकवतानं भरलेला दीड एकराचा तुकडा, शेतकरी हौशी, बघायला पंचवीस-तीस मंडळी जमलेली. औषध आणायला एकाला तालुक्याला पाठवला. दुकानात सोडियम क्षाराची भुकटी शिल्लक नव्हती, म्हणून तो इथाइल इस्टर नावाचा पातळ प्रकार घेऊन आला. मीही म्हटलं, दोन्ही २,४-डीच, काय फरक पडतो. मंडळी जमता जमता दुपारचे दोन वाजले. ऊन चांगलं तापलेलं, पश्चिमेकडून वारं सुटलेलं. मंडळी खोळंबलेली, कार्यक्रम रद्द करायची लाज वाटली. "थोडंच वारं आहे" असं म्हणून मीच पंप पाठीला लावला.

पूर्वेच्या बाजूला एक बांध आणि पाण्याचा पाट सोडला की एका बाईंचा वीस गुंठे टोमॅटो होता. नवरा वारलेला, दोन मुलं शाळेत, आणि त्या वर्षीचा सगळा भरवसा त्या टोमॅटोवर. लावण तीन आठवड्यांची, नुकतीच कुठं सुतळी बांधायला घेतलेली.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी तण कसं मरतंय ते पाहायला गेलो. चाकवत छान मुरडला होता, मला आनंद झाला. तेवढ्यात त्या बाईंनी पाटापलीकडून हाक मारली. "साहेब, जरा माझ्या झाडांकडं या. बोकड्या आलाय म्हणत्यात, दोन औषधं मारून झाली." मी पाट ओलांडून गेलो आणि जागीच थांबलो. शेंडे खाली वळलेले, पानं दोरीसारखी बारीक झालेली, देठ पिळवटलेले. बांधाकडच्या ओळी जास्त, पलीकडच्या कमी. तो बोकड्या नव्हता. अलीकडच्या शेतात चाकवताला जे झालं होतं तेच पलीकडं टोमॅटोला झालं होतं, आणि ते मी केलं होतं. त्यावर रोग समजून त्या माउलीनं उधारीवर दोन औषधं मारलेली.

मी त्यांना तिथंच खरं काय ते सांगितलं. सांगताना मान वर होत नव्हती. बांधाकडच्या सात-आठ ओळींना पुढं धड फळ धरलं नाही. लांबच्या ओळी महिन्याभरानं सावरल्या, पण पहिल्या तोड्याचा भाव हुकला तो हुकलाच. गव्हाच्या मालकानं समजूतदारपणानं खळ्यावरून दोन पोती गहू त्यांच्या घरी पोहोचवला, मीही माझ्या परीनं भरपाई केली. पण त्या दोन घरांत पुढं बरेच दिवस बोलणं नव्हतं. एरवी एकाच पाटाचं पाणी वापरणारी ती घरं.

त्या दिवशी माझ्या दोन चुका झाल्या. वाऱ्यात फवारलं, ही पहिली. बारीक तुषार वाऱ्याबरोबर पाट ओलांडून गेले. दुसरी चूक औषधाच्या प्रकाराची. इस्टर प्रकाराची उन्हात वाफ होते, आणि फवारा थांबल्यावरसुद्धा ती वाफ शेतातून उठत राहते. सोडियम आणि अमाइन क्षार त्या मानानं शांत, त्यांची वाफ फारशी होत नाही. म्हणून आजही मी सांगतो, शिवारात कुठं कपाशी, द्राक्ष, टोमॅटो किंवा भाजीपाला उभा असेल तर इस्टरच्या वाटेला जाऊ नका. लेबलावर औषधाच्या नावापुढं सोडियम, अमाइन किंवा इस्टर यांपैकी काय लिहिलंय ते दुकानातच वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बरोबर न्या. दुकानदार "एकच आहे हो" म्हणाला तरी ऐकू नका. मीही त्या दिवशी तेच म्हटलं होतं.

आता वेळेचं सांगतो. गहू ३० ते ३५ दिवसांचा असताना २,४-डी मारायचं. तोवर मुकुटमुळं फुटून फुटवे आलेले असतात आणि कांडी धरायला अजून अवकाश असतो. आपल्याकडं चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास गहू कांडी धरतो, त्याच्या आत फवारणी उरकलेली हवी. घाई करून पंधरा-वीस दिवसांच्या गव्हावर मारलं तर पानं कांद्याच्या पातीसारखी नळीदार होतात आणि पुढं ओंबी वाकडीतिकडी येते. उशीर करून पोटरीतल्या गव्हावर मारलं तर ओंबी बाहेर येते पण दाणे भरत नाहीत. वरून पाहताना शेत चांगलंच दिसतं, नुकसान मळणीला कळतं. उशिरा पेरलेल्या गव्हात थंडीप्रमाणं दोन-चार दिवस इकडंतिकडं होतील, म्हणून दिवस मोजा आणि रोप उपटूनही पाहा. फुटवे आलेले हवेत, बुडाशी कांडी हाताला लागता कामा नये.

तणाचंही वय पाहायचं. चाकवत दोन-चार पानांचा असताना मरतो तसा कमरेएवढा झाल्यावर मरत नाही. हरणखुरीची मुळं खोल, तिचा वेल वरून जळतो आणि पुन्हा फुटतो. तरी गहू तिच्या आधी वर निघून जातो हाही फायदाच. केना दिसायला रुंद पानाचा, पण तो एकदलच आहे, त्यामुळं २,४-डीनं अर्धामुर्धाच दबतो. हराळी, शिपी आणि लव्हाळा यांच्यावर हे औषध मारण्यात अर्थ नाही. ज्यांच्या शेतात मुख्य त्रास हराळीचा, त्यांनी हा खर्चच करू नये. उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वेचणं हाच त्यावर उपाय.

मात्रा. सोडियम क्षार ८० टक्के भुकटीच्या रूपात मिळतो. तण कोवळं असेल तर एकरी २५० ग्रॅम भुकटी आणि २०० लिटर पाणी पुरतं. तण दाट आणि थोडं मोठं असेल तर लेबलात दिलेल्या मर्यादेपर्यंत वाढवा, त्यापुढं नाही. ५८ टक्के अमाइन क्षार पातळ असतो, तो एकरी साडेतीनशे ते पाचशे मिलिलिटर लागतो. दुप्पट औषधानं तण दुप्पट मरत नाही, उलट गव्हाला इजा होते.

आता खरी मेख. गावात औषध मोजलं जातं काडेपेटीनं, झाकणानं नाहीतर चिमटीनं. त्यापेक्षा असं करा. प्लॅस्टिकच्या एका वेगळ्या बादलीत मोजून पाच लिटर पाणी घ्या, त्यात २५० ग्रॅमची पुडी पूर्ण विरघळवा. हे झालं एक एकराचं द्रावण. २०० लिटर पाणी म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप. तेव्हा प्रत्येक पंपाला ४०० मिलिलिटर द्रावण. पंप आधी अर्धा पाण्यानं भरा, द्रावण ओता, मग वरचं पाणी भरा. शेवटच्या अर्ध्या पंपाला २०० मिलिलिटर. वजनकाटाही नको आणि अंदाजही नको. ती बादली आणि ते माप पुन्हा घरात आणायचं नाही. किराणा दुकानाच्या तराजूवर तर हे औषध चुकूनही ठेवू नका.

पण तुमच्या चालीनं एकराला खरोखरच २०० लिटर पाणी जातं का? कुणी झपाझप चालतो, कुणी रेंगाळत. म्हणून आदल्या दिवशी ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा एक गुंठा दोरीनं आखा आणि नुसतं पाणी तुमच्या नेहमीच्या चालीनं फवारून पाहा. पाच लिटर लागलं तर एकराला बरोबर २०० लिटर. चारच लिटर लागलं तर एकराला १६० लिटर, म्हणजे दहा पंप, आणि मग प्रत्येक पंपाला त्याच द्रावणातलं ५०० मिलिलिटर टाकावं लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे. मी सांगतो म्हणून पुष्कळ जण मान हलवतात, करतात थोडे. ज्यांनी एकदा केलं ते मात्र दरवर्षी करतात.

पाणी स्वच्छ आणि गोडं घ्या. मचूळ, जड पाण्यात या क्षारांचा फुटलेल्या दुधासारखा चोथा होतो आणि तो नोझलमध्ये अडकतो. नोझलही वेगळं लागतं. किडीच्या औषधाला आपण गोल धुकं पाडणारं नोझल लावतो, तणनाशकाला पट्ट्यासारखा सपाट फवारा पाडणारं फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लावा. दाब कमी ठेवा, म्हणजे थेंब जरा जाड पडेल आणि उडणार नाही. तोंड पिकाच्या वर हात-दीड हातावर, एकाच उंचीवर. हात इकडंतिकडं ओवाळायचा नाही. इंजिनाचा हवेनं धुकं उडवणारा पंप या कामाला बिलकूल नको.

सकाळी दव वाळल्यावर, ऊन तापायच्या आत आणि वारं पडलेलं असताना फवारा. वारं आहे की नाही ते कळण्यासाठी काठीला सुताचा धागा बांधून बांधावर उभी करा. धागा सरळ खाली लोंबत असेल तर खुशाल फवारा. धागा शेजारच्या हरभऱ्याकडं बोट दाखवत असेल तर पंप खाली ठेवा. शेजारी नाजूक पीक असेल तर त्या बाजूच्या पाच-सहा ओळी औषधाविना सोडा आणि तिथं खुरपं घाला. एवढी मजुरी भांडणापेक्षा स्वस्त पडते. फवारणीआधी शेजाऱ्याला सांगितलं तर उत्तमच, त्याची टोमॅटोची लावण चार दिवसांवर आली असेल तर तो पुढं ढकलील. जमिनीत ओल हवी, आणि पुढचे पाच-सहा तास पाऊस नको.

आंतरपिकाचं तर विसरूच नका. गव्हात मोहरीच्या किंवा हरभऱ्याच्या ओळी असतील तर २,४-डी त्या शेताच्या बांधावरसुद्धा नको. ज्वारीतही २,४-डी चालतं, टारफुल्यावर पण ते वापरतात. पण आपल्याकडं ज्वारी सलग कितीशी असते? खरिपात तिच्यात तूर, रब्बीत करडई. आधी शेत पाहा, मग औषधाचं नाव काढा. सलग ज्वारीत मारलंच तर पुढचे काही दिवस ताटं ठिसूळ होतात, तेव्हा लगेच कोळपं घालू नका.

गेल्या काही वर्षांत गव्हासाठी मेटसल्फ्युरॉन मिथाइल नावाचं आणखी एक औषध आलंय. २० टक्क्यांची ही भुकटी एकराला फक्त आठ ग्रॅम लागते, तीही गहू २५ ते ३० दिवसांचा असताना. एवढीशी पुडी पाहून पुष्कळांचा विश्वास बसत नाही आणि एका एकरात दोन पुड्या जातात. तसं करू नका. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत या जातीच्या औषधांचा अंश जास्त दिवस टिकतो, आणि पुढच्या पिकाला त्याची झळ लागू शकते. गव्हानंतर काय घ्यायचं ते आधी ठरवा आणि लेबलावर पुढच्या पिकाबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

वर्षानुवर्षं एकच औषध मारणंही धोक्याचं. पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्ली दंडा नावाच्या गवतावर आयसोप्रोट्यूरॉन सारखं वापरलं गेलं, आणि १९९० नंतरच्या दशकात ते गवत त्या औषधाला दाद देईनासं झालं. आपल्याकडं रुंद पानाचं तण मारत राहिलो की मोकळ्या जागेत हराळी आणि शिपी शिरतात, हे मी स्वतः पाहिलंय. पिकाची फेरपालट आणि मधूनमधून खुरपं सोडू नये.

आता पंपाचं. २,४-डी पंपाच्या वॉशरमध्ये, नळीत, टाकीच्या कोपऱ्यात दडून बसतं. नुसतं विसळून ते जात नाही. गव्हात वापरलेला पंप महिन्यानं मिरचीवर कीडनाशक मारायला नेला आणि सगळी मिरची मुरडली, अशी तक्रार मला दरवर्षी एक-दोन तरी गावांतून येते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवणं सगळ्यांत चांगलं. एकट्याला परवडत नसेल तर चौघांत मिळून एक घ्या आणि त्याच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधा. वेगळा पंप जमतच नसेल तर तो तीन वेळा पाण्यानं धुवा. मग दहा लिटर पाण्याला दोनशे ग्रॅम धुण्याचा सोडा या प्रमाणात द्रावण भरून, नळी-नोझलमधूनही काढून, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी पुन्हा दोन-तीनदा धुवा. शेवटचं धुवण वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या दोन-चार जादा रोपांवर फवारा आणि तीन-चार दिवस वाट पाहा. रोपं सरळ राहिली तरच पंप दुसऱ्या पिकात न्या. धुवण विहिरीत, ओढ्यात किंवा पाटात सोडू नका. लांब पडीक जागी खड्डा करून त्यात जिरवा.

भगिनींना एक वेगळं सांगायचं आहे. गव्हातला कोवळा चाकवत, घोळ, माठ आपण भाजीला खुडून आणतो, आणि खुरपलेलं तण म्हशीपुढं टाकतो. फवारलेल्या शेतात हे दोन्ही बंद. फवारणी बहुधा घरातला पुरुष करतो आणि भाजी खुडायला तुम्ही किंवा लेकरं जातात, म्हणून त्या दिवशी घरात सगळ्यांना सांगितलं पाहिजे. वाटेकऱ्याच्या आणि मजुरांच्या घरीही सांगा. बांधावर खुणेचं फडकं लावा. मुरडायला लागलेलं तण कोवळं, लुसलुशीत दिसतं, त्यामुळं जनावरं तिकडं आधी तोंड घालतात.

फवारणाऱ्यानं अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला फडकं आणि पायात बूट घालावेत. फवारताना तंबाखू मळायची नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीडनाशकं फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ते आपल्या सगळ्यांना आठवत असेल. तणनाशक झाडाचं औषध आहे म्हणून माणसाला काही होत नाही, हा समज खोटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली २,४-डीला माणसात कर्करोगाला कारण ठरू शकण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं आहे. याचा अर्थ एका फवारणीनं कर्करोग होतो असा नाही, पण अंगावर औषध घेत राहायचं नाही असा निश्चित आहे. घरी आल्यावर साबणानं अंघोळ, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. मळमळ, चक्कर किंवा डोळ्यांची आग सुरू झाली तर डबा किंवा पुडी हातात घेऊनच डॉक्टरकडं जा. रिकामी पुडी आणि डबा फोडून पुरा, त्यात तेल-मीठ भरायचं नाही.

वेळ संपत आली. जाता जाता आलेल्या पत्रांपैकी एकाचं उत्तर देतो. एका शेतकरी बंधूंनी विचारलंय, "गहू बावन्न दिवसांचा झाला आहे, चाकवत गव्हाच्या वर गेला आहे, औषध घरात आणून ठेवलं आहे, आता मारलं तर चालेल का?" नाही चालणार. तुमचा गहू पोटरीकडं निघालाय, आता मारलं तर दाणा भरणार नाही. औषधाची पुडी न फोडता कुलपात ठेवा, तिच्यावरची मुदत पाहा आणि ती शिल्लक असेल तर पुढच्या वर्षी बत्तिसाव्या दिवशी काढा. चाकवत मात्र आत्ताच उपटा. पाणी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, वाफसा असताना, मुळासकट सहज येतो. बी धरायच्या आत उपटलेला असेल तर बांधावर टाकला तरी चालेल. बी धरलं असेल तर ते शेतात झडू देऊ नका आणि शेणखताच्या खड्ड्यातही टाकू नका. उपटून, वाळवून, शेताबाहेर जाळून टाका. आणि तुमच्या शेतात फवारणी झालेली नाही, तेव्हा त्यातला कोवळा शेंडा भाजीला खुडायला काही हरकत नाही.